ओट्याचा दगड, छातीतली धूळ : ऑस्ट्रेलियातल्या एका बंदीचं प्रकरण

1 जुलै 2024 पासून ऑस्ट्रेलियात कृत्रिम दगडाचा ओटा बनवणं, विकणं, कापणं आणि बसवणं बेकायदा झालं. या दगडावर सरसकट बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे ज्याला दुकानात नुसतं 'क्वार्ट्झ' म्हणतात, तोच हा दगड. पांढराशुभ्र, डाग न धरणारा, नव्या फ्लॅटच्या मॉड्युलर किचनमध्ये हमखास दिसणारा.

ही बंदी कशी आली, त्याआधी काय काय करून पाहिलं गेलं आणि किती उशीर झाला, ते इथे मांडलं आहे. कारागीर, वर्कशॉप आणि दगड बनवणाऱ्या कंपन्या यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. तारखा, आकडे आणि सरकारी यंत्रणा जाहीर नोंदींतल्या आहेत. हे प्रकरण निवडण्याचं कारण असं की घातक वस्तू 'नीट काळजी घेऊन वापरा' असं किती काळ सांगत राहायचं, या प्रश्नाला इथे एका सरकारला सरळ उत्तर द्यावं लागलं.

पार्श्वभूमी

कृत्रिम दगड म्हणजे गारगोटीचा चुरा. तो रेझिन आणि रंगात कालवायचा, निर्वात दाबाखाली ठोकून बसवायचा आणि उष्णता देऊन पक्का करायचा. अशी लादी तयार होते. गारगोटी ही जवळजवळ शुद्ध सिलिका, त्यामुळे या लादीत स्फटिकी सिलिकाचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर, काही वेळा 95 टक्क्यांपर्यंत जातं. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण 20 ते 45 टक्के असतं, संगमरवरात अगदी थोडं.

घरात बसवलेला ओटा कुणाचं काही बिघडवत नाही. धोका असतो तो कापताना. लादी वर्कशॉपमध्ये येते, मापाने कापली जाते, सिंकसाठी आणि शेगडीसाठी भोक पाडलं जातं, कडा घासून गोल केल्या जातात, मग पॉलिश. यातल्या प्रत्येक टप्प्यावर धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती पांढरी भुकटी, ती त्यातल्या त्यात बरी, कारण ती नाकात आणि घशातच अडकते. मारणारे कण दिसत नाहीत. ते काही मायक्रॉनचे असतात, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक, आणि थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत उतरतात.

तिथे शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळतात. पण सिलिका पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. दर वेळी मागे व्रण राहतो. व्रणांच्या गाठी होतात, गाठी एकमेकींना चिकटतात, फुफ्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो. टोकाच्या अवस्थेत फुफ्फुस बदलणं एवढाच मार्ग उरतो, आणि तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. क्षयरोगाचा धोकाही या धुळीनं वाढतो.

हा आजार नवा नाही. खाणकामगार आणि पाथरवट यांना तो पिढ्यानपिढ्या होत आला आहे. पण त्यांना तो बहुधा उतारवयात, वीसेक वर्षांच्या कामानंतर गाठायचा. कृत्रिम दगडावर काम करणाऱ्यांना तो पाच-दहा वर्षांत, कधी त्याहूनही लवकर गाठू लागला. रुग्ण तिशी-चाळिशीतले होते. घरात लहान मुलं, डोक्यावर घराचं कर्ज, आणि जिना चढताना धाप.

नेमकी अडचण

सप्टेंबर 2018 मध्ये क्वीन्सलँड राज्यानं तातडीचा इशारा दिला. त्याआधीच्या तीन आठवड्यांत राज्याच्या कामगार विमा यंत्रणेकडे सिलिकोसिसचे 22 दावे आले होते. राज्यानं कोरडी कटाई त्याच महिन्यात बंद केली आणि निरीक्षकांना वर्कशॉपमध्ये पाठवलं. 138 ठिकाणं तपासली गेली आणि 552 नोटिसा निघाल्या.

म्हणजे एका वर्कशॉपला सरासरी चार. या एका आकड्यापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. धूळ आटोक्यात ठेवा असं सांगणारा कायदा तेव्हाही होताच. हवेत सिलिका किती चालेल याची मर्यादा होती: आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरमागे 0.1 मिलिग्रॅम. कामगारांची आरोग्य तपासणी करणं मालकावर बंधनकारक होतं. हे सगळं असताना मालक मास्क देऊन मोकळे होत होते, आणि तो मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे कुणी पाहत नव्हतं.

यातली बहुतेक वर्कशॉप छोटी. चार-पाच माणसं, त्यात मालक स्वतःही कटर चालवणारा. कारागिरांत स्थलांतरित बरेच, इंग्रजीतली सूचनापत्रं त्यांच्यापर्यंत पोचणारी नाहीत. ठेकेदाराचा फोन येतो, उद्या ओटा बसवायचा आहे. पाण्याची नळी जोडायला वेळ लागतो, गाळ साफ करायला वेळ लागतो. साइटवर शेवटच्या क्षणी अर्धा इंच कमी करावा लागतो तेव्हा कारागीर ग्राइंडर काढतो आणि कोरडाच चालवतो. दिवसाअखेर कपड्यांवरची भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवतो. पाणी मारून कापलं तरी गाळ वाळतो, दुसऱ्या दिवशी झाडू फिरला की तीच धूळ पुन्हा हवेत. या गोष्टी निरीक्षकाला एका भेटीत दिसत नाहीत.

पुढे राष्ट्रीय पातळीवर धूळजन्य आजारांचा कृती गट नेमला गेला. जून 2021 च्या त्याच्या अंतिम अहवालात आलेली गोष्ट सगळ्या देशाला हादरवून गेली: 2018 च्या आधीपासून या धंद्यात असलेल्या जवळपास दर चार कामगारांतल्या एकाला सिलिकोसिस किंवा सिलिकाच्या धुळीचा दुसरा कुठला आजार होता.

आजार आहे हे सिद्ध झालं होतं आणि कारणही माहीत होतं. अडचण वेगळीच होती. नियम चुकीचे आहेत म्हणून ते पाळले जात नाहीत, की ही वस्तूच अशी आहे की तिच्याबरोबर नियम टिकत नाहीत? पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नियम कडक करण्याचा, आणि तो मनापासून करून पाहिला गेला. क्वीन्सलँडनं 2019 मध्ये या उद्योगासाठी स्वतंत्र कार्यसंहिता आणली. हवेतल्या सिलिकाची मर्यादा 2020 मध्ये निम्मी, म्हणजे 0.05 मिलिग्रॅम करण्यात आली. एकामागून एक राज्यांनी कोरडी कटाई बंद केली. व्हिक्टोरिया राज्यानं 2021 मध्ये परवाना पद्धत आणली, म्हणजे परवाना नसेल तर हा दगड कापायचाच नाही. यातला कुठलाही उपाय निरुपयोगी नव्हता. पण प्रत्येक उपाय सगळ्यात ढिसाळ वर्कशॉपच्या सगळ्यात घाईच्या दिवशीही चालायला हवा होता, आणि तसा तो चालत नव्हता.

फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र आणि राज्यांच्या कामगार सुरक्षा मंत्र्यांनी सेफ वर्क ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संस्थेला बंदीचे पर्याय तपासायला सांगितलं. तीन पर्याय पुढे आले. सगळ्याच कृत्रिम दगडावर बंदी. 40 टक्के किंवा त्याहून जास्त सिलिका असलेल्या दगडावरच बंदी. किंवा ही दुसरी बंदी आणि त्याखालच्या दगडासाठी परवाना.

उद्योगाचा भर अर्थातच 40 टक्क्यांवर होता. कमी सिलिकाच्या लाद्या बाजारात यायला लागल्या होत्या. त्यांचा युक्तिवाद असा: ग्रॅनाइटमध्ये एवढी सिलिका चालते, मग आमच्या लादीत का नको? हा प्रश्न पोकळ नव्हता. मी स्वतः पहिल्यांदा तो वाचला तेव्हा मलाही तो पटण्याजोगा वाटला होता.

पहिलं निर्णायक वळण : टक्केवारी मोजायची की नाही

सेफ वर्क ऑस्ट्रेलियाचा अहवाल ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस जाहीर झाला आणि त्यात 40 टक्क्यांचा पर्याय नाकारला होता. त्यामागची कारणं मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटतात.

एक तर इतक्या टक्क्यांखाली कृत्रिम दगड सुरक्षित आहे, असं सांगणारा विषशास्त्रीय पुरावाच नव्हता. 40 हा आकडा सोयीचा होता, मोजून सापडलेला नव्हता. शिवाय कृत्रिम दगडाची धूळ ग्रॅनाइटच्या धुळीसारखी नसते. तिचे कण अधिक बारीक असतात आणि त्यांच्याबरोबर रेझिन आणि रंगातले धातूही छातीत जातात. सिलिका कमी केली की तिच्या जागी दुसरं काहीतरी भरावं लागतं, आणि ते काय करतं हे पाहायला आणखी वीस वर्षं कारागिरांच्या फुफ्फुसांवर प्रयोग चालवावा लागला असता.

तिसरं कारण वर्कशॉपमधलं, आणि मला तेच सगळ्यात वजनदार वाटतं. लादीकडे पाहून टक्केवारी कळत नाही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दहा लाद्यांतली कुठली 38 ची आणि कुठली 92 ची, हे कापणाऱ्याला कसं समजणार? आणि 'ही कमी सिलिकाची आहे' असं ऐकल्यावर माणूस काय करेल? मास्क काढेल. ज्या धंद्यात आधीचे नियम पाळले गेले नाहीत, तिथे नवी सवलत म्हणजे निष्काळजीपणाला निमित्त, असा अहवालाचा रोख होता. संस्थेनं सरसकट बंदीची शिफारस केली.

सुरक्षेच्या अभ्यासात उपायांची एक उतरंड शिकवतात. धोका मुळातून काढणं सगळ्यात वर, मग कमी घातक वस्तू वापरणं, मग यंत्राची बंदिस्ती आणि धूळ शोषणं, मग कामाचे नियम, आणि सगळ्यात तळाला तोंडावरचा मास्क. ऑस्ट्रेलियाच्या दगडकाम धंद्यात पाच-सहा वर्षं सगळा जोर तळाच्या पायऱ्यांवर होता. या अहवालानं तो एकदम वर नेला.

दुसरं वळण : सरकारच्या बाहेरून आलेला दाब

नोव्हेंबर 2022 मध्ये बांधकाम कामगारांच्या एका मोठ्या संघटनेनं जाहीर केलं होतं की 1 जुलै 2024 पर्यंत सरकारनं बंदी घातली नाही, तर आमचे सदस्यच हा दगड हाताळणं थांबवतील. तारीख हवेतून आलेली नव्हती. कृती गटानंच म्हटलं होतं की जुलै 2024 पर्यंत सुधारणा दिसली नाही तर पूर्ण बंदीचा विचार करा. संघटनेनं ती तारीख धरून ठेवली आणि सोडली नाही.

मग नोव्हेंबर 2023 मध्ये देशातल्या दोन मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी हा दगड विकणं थांबवत असल्याचं सांगितलं. बंदी आल्यावर ग्राहक ओरडतील, ही भीती तिथेच विरली. ओटा ग्रॅनाइटचा करता येतो, पोर्सिलेनचा, स्टीलचा, लाकडाचा, लॅमिनेटचाही करता येतो. कृत्रिम दगड ही हौसेची वस्तू होती, गरजेची नव्हती. बोगद्याचं काँक्रीट किंवा घराची वीट अशी एका तारखेपासून बंद करता आली नसती, हेही खरं.

13 डिसेंबर 2023 रोजी केंद्र आणि सर्व राज्यांच्या मंत्र्यांनी एकमतानं बंदीचा निर्णय घेतला. वेगवेगळ्या पक्षांची सरकारं असलेली राज्यं इतक्या वेगानं एका सुरात बोलली, त्यामागे ॲस्बेस्टॉसची आठवण होती, असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियानं ॲस्बेस्टॉस 2003 च्या अखेरीस पूर्ण बंद केलं, पण तोवर ते घराघरांच्या भिंतींत पोचलं होतं आणि आजही तिथे माणसं त्यापायी मरतात. तीच चूक दुसऱ्यांदा करायची कुणाचीच तयारी नव्हती.

अंमलबजावणी

बंदीची व्याख्या घट्ट ठेवली गेली. नैसर्गिक दगडाचा चुरा आणि रेझिनसारखे पदार्थ एकत्र करून घट्ट केलेली, 1 टक्का किंवा त्याहून जास्त स्फटिकी सिलिका असलेली वस्तू म्हणजे कृत्रिम दगड. काँक्रीट, विटा, सिमेंट, मोर्टार, सिरॅमिक आणि पोर्सिलेनच्या फरश्या, तसंच उच्च तापमानाला भाजून केलेला 'सिंटर्ड' दगड यांना वगळलं. आधी झालेल्या करारांसाठी बहुतेक राज्यांनी थोडी मुदत दिली. 1 जानेवारी 2025 पासून आयातही बंद झाली.

ज्या घरांत हे ओटे आधीच बसले आहेत ते काढायची सक्ती नाही. पण ते काढताना, दुरुस्त करताना किंवा फेकताना धूळ नियंत्रणाचे नियम पाळावे लागतात. त्याबरोबर 1 सप्टेंबर 2024 पासून सिलिका असलेल्या सगळ्याच सामानाच्या कटाईसाठी, मग तो ग्रॅनाइट असो की काँक्रीट, कडक नियम लागू झाले. मे 2024 मध्ये धूळजन्य आणि इतर व्यावसायिक श्वसनविकारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. श्वसनविकार आणि व्यावसायिक आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना आता सिलिकोसिसचा प्रत्येक नवा रुग्ण तिथे कळवावा लागतो.

परिणाम

बंदीनं आजारी माणसं बरी झालेली नाहीत आणि होणारही नाहीत. आजार दिसायला काही वर्षं जातात, त्यामुळे 2024 च्या आधी धूळ खाल्लेल्यांतले नवे रुग्ण अजून कित्येक वर्षं समोर येत राहतील. बंदी यशस्वी झाली का, हे एका-दोन वर्षांच्या आकड्यांवरून ठरवू नये.

बाजार मात्र झपाट्यानं बदलला. काचेच्या चुऱ्यापासून बनवलेल्या, स्फटिकी सिलिका नसलेल्या लाद्या आल्या. इतकी वर्षं 'शक्य नाही' म्हणणाऱ्या उद्योगाला तारीख ठरल्यावर पर्याय सापडले. याचा मला राग येतो, कारण हेच पर्याय दहा वर्षं आधी सापडले असते तर कित्येकांची फुफ्फुसं वाचली असती.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला धोक्याचा इशारा ऑस्ट्रेलियातला नव्हता. 2012 मध्ये इस्रायली डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात फुफ्फुस प्रत्यारोपण केंद्रात आलेल्या 25 रुग्णांची माहिती छापली होती. सगळे कृत्रिम दगडाचे ओटे कोरडे कापणारे कारागीर. 2014 मध्ये स्पेनच्या काडीझ भागातून 46 रुग्णांची नोंद आली. दगड तोच, काम तेच, आजारही तोच. तरी ऑस्ट्रेलियात पहिली मोठी हालचाल व्हायला 2018 उजाडलं. त्या सहा वर्षांत किती तरुण मुलं शाळा संपवून या धंद्यात शिरली असतील? दुसऱ्या देशातल्या कामगारांचा आजार हा आपल्यासाठीही पुरावा आहे, असं मानणारी कुठलीच यंत्रणा नव्हती. नवी वस्तू बाजारात आणणाऱ्यानं ती कापणाऱ्यासाठी सुरक्षित आहे हे आधी दाखवावं, अशी अटही कुणी घातली नव्हती.

तपासणीतही चूक झाली. सुरुवातीला छातीच्या एक्स-रेवर भिस्त होती. एक्स-रे स्वच्छ आला की कारागीर पुन्हा कटरपाशी. पुढे कळलं की एक्स-रेत न दिसणारा आजार सीटी स्कॅनमध्ये बऱ्याच जणांत दिसतो. पहिल्यापासून सीटी स्कॅन झाला असता तर काही जणांना आधीच बाजूला करता आलं असतं.

बाजूला करणं हाही सोपा विषय नाही. निदान म्हणजे नोकरी जाणं, हे कारागिराला ठाऊक असतं. त्यामुळे तो तपासणीच टाळतो. तपासणीच्या बरोबरीनं दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण आणि उत्पन्नाची हमी पहिल्या दिवसापासून हवी होती. छाती भरलेला माणूस खोटं बोलून कामावर राहतो, त्यात दोष त्याचा नाही.

2021 ते 2024 या तीन वर्षांबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. चारातला एक कामगार आजारी असल्याचं कळल्यावर आणखी तीन वर्षं थांबणं मला पचत नाही. पण त्या काळात नियम आणि परवाने खरोखर करून पाहिले गेले, म्हणूनच 2023 मध्ये 'हे जमत नाही' असं म्हणायला पुरावा उभा राहिला आणि एकाही राज्यानं फाटा फोडला नाही. किमान नव्या शिकाऊ मुलांना त्या काळात या कामावर घेणं थांबवायला हवं होतं, एवढं तरी मी ठामपणे म्हणेन.

'सिंटर्ड' दगड आणि पोर्सिलेनला दिलेली सूट पुन्हा तपासावी लागेल, असंही वाटतं. त्यांच्यातही सिलिका असते, आणि बंदीनंतर कटर त्यांच्यावरच चालू लागले आहेत.

आपल्याकडे

ऑस्ट्रेलियाचं दार बंद झालं तरी या लाद्यांचं उत्पादन जगात थांबलेलं नाही. भारत तो दगड बनवतो आणि निर्यातही करतो. पुण्या-मुंबईच्या नव्या सोसायट्यांत काळ्या कडप्प्याची आणि ग्रॅनाइटची जागा आता तोच घेतो आहे. ओटा बसवताना सिंकचं कटिंग आणि कडेची गोलाई बऱ्याचदा तिथेच, पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर होते. तोंडाला गमछा, हातात ग्राइंडर. बाजूच्या गाड्यांवर पांढरी साय बसते आणि सकाळी वॉचमन ती झाडूनं झटकतो.

गारगोटीची धूळ आपल्या देशाला अनोळखी नाही. गुजरातमधल्या गोध्रा भागातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार इथले आदिवासी मजूर गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तिथपर्यंत पोचायला त्यांना दहा वर्षं लढावं लागलं. कायद्यानुसार सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओटा कापणारा कारागीर कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्याचा खोकला सरकारी दवाखान्यात क्षयरोग म्हणून नोंदला जातो, औषधं सुरू होतात, आणि तो काय काम करतो हे केसपेपरवर कुठेच लिहिलं जात नाही.

तुम्ही ओटा करायला घेतला असाल तर दुकानदाराशी भाव ठरवतानाच सांगा की सिंकचं आणि शेगडीचं भोक वर्कशॉपमध्ये, पाणी मारूनच पाडून हवं आणि साइटवर कोरडा ग्राइंडर चालणार नाही. माप आधी दोनदा घेऊन द्या, म्हणजे शेवटच्या क्षणी कापाकापीची वेळ येणार नाही. यासाठी दुकानदार जास्तीचे पैसे मागेल. ते द्या. आणि ग्रॅनाइट किंवा कडप्पा चालणार असेल तर क्वार्ट्झचा आग्रह सोडा. धूळ त्यांचीही टाळायचीच, पण त्या लाद्यांत गारगोटी एवढी ठासून भरलेली नसते.